‘शून्य’ लिहिलं कुणी? शेअरच्या खरेदी किमतीची जवळजवळ ऐंशी वर्षं

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाच्या नावावर जुने शेअर असतील तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या डाळजला एक निवृत्त गुरुजी आहेत, चौथीला मला शिकवायला होते. सकाळी सकाळी त्यांनी हाक मारली. "अरे, जरा येऊन जा. तुझ्या काकूचा टॅक्सचा कागद बघ."

काकूंचं माहेर अंमळनेर, जळगाव जिल्हा. वडलांनी कधीकाळी घेतलेले विप्रोचे शेअर वडील गेल्यावर काकूंच्या नावावर आले. नातवाच्या शिक्षणासाठी त्यांनी यंदा फेब्रुवारीत ते विकले. नंतर तालुक्याच्या गावी एकाकडून विवरणपत्र भरून घेतलं. त्याने विचारलं, "काकू, किती पैसे देऊन घेतले होते?" काकू खरं तेच बोलल्या. "मी कुठं पैसे दिले? वडलांकडून आले." झालं. त्याने खरेदी किंमत टाकली शून्य. म्हणजे जेवढ्याला विकले तेवढा सगळा नफा, आणि त्यावर कर.

गुरुजी म्हणाले, "बरोबरच आहे की. फुकट आले, म्हणजे शून्य." तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "फुकट कसे? दादांनी पोटाला चिमटा काढून घेतलेत ते. शून्य कसं लिहिलं?"

मी काही सीए नाही. पण काकूंचा हा प्रश्न कायद्याच्या भाषेतसुद्धा बरोबर आहे, एवढं मला माहीत होतं. नंतर आठ-दहा दिवस मी हा विषय वाचत बसलो. तेव्हा कळलं, की या एका रकान्यावरून आपल्या देशात जवळजवळ ऐंशी वर्षं भांडण चालू आहे. तो रकाना म्हणजे ‘खरेदी किंमत’.

आपल्याला हे का कळत नाही?

आधी आपल्या भागाचं बोलू. इंदापूर-बारामतीत शेअर म्हटलं की पहिल्यांदा आठवतो साखर कारखान्याचा शेअर. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती. तो शेअर म्हणजे ऊस घालायचा हक्क आणि निवडणुकीतलं मत. त्याचा भाव काही रोज टीव्हीवर खाली-वर होत नाही. सभासदत्व सोडलं तर दर्शनी किंमत परत, विषय संपला. नफाच नाही, मग खरेदी किंमत कोण लक्षात ठेवतो?

दुसरी आपली मालमत्ता म्हणजे जमीन. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या हिशोबात ‘भांडवली मालमत्ता’ धरतच नाहीत. हे अंतर शहराच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर. डाळजसारख्या गावातली जिराईत-बागाईत विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. त्यामुळे आजोबांनी एकर कितीला घेतला हे पारावर गप्पा मारायला उपयोगी, कर भरायला नाही.

बाजारात नोंदलेली कंपनी आपल्या तालुक्यात नव्हती असं नाही. वालचंदनगर इंडस्ट्रीज आपल्याच तालुक्यातली. पण तिथं नोकरी करणारे आपले लोक पुष्कळ, शेअर घेणारे थोडे.

आता चित्र बदललंय. भूसंपादनाचे पैसे आले, पोरांच्या मोबाइलवर डीमॅटचं ॲप आलं, एसआयपी आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रकान्याशी आपला संबंध आला नाही, तो रकाना आता घरोघरी आलाय.

पहिला डाव : १९४७

भांडवली नफ्यावर कर हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो स्वातंत्र्याच्या आधी. फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात लियाकत अली खान यांनी तो आणला. हेच लियाकत अली पुढे पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान झाले. व्यापारी वर्गात मोठा गदारोळ झाला. पण त्या कायद्यातसुद्धा एक सवलत होती. मालमत्ता फार जुनी असेल तर तुमच्या खऱ्या खरेदी किमतीऐवजी १ जानेवारी १९३९ चा बाजारभाव धरायची मुभा. म्हणजे महायुद्धाच्या आधीचा भाव.

तो कर फार टिकला नाही. जॉन मथाई यांच्या १९४९ च्या अर्थसंकल्पात तो मोडीत निघाला. मग १९५६ साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांचा अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी कर परत आणला. तेव्हापासून तो या ना त्या रूपात आहेच.

आता गंमत बघा. कर परत आला तेव्हा पायाभूत तारीख ठरली १ जानेवारी १९५४. पुढे ती झाली १ जानेवारी १९६४. मग १ एप्रिल १९७४. मग १ एप्रिल १९८१. आणि २०१७ च्या अर्थसंकल्पात १ एप्रिल २००१. दर दहा-वीस वर्षांनी सरकार पायाची तारीख पुढे सरकवत आलंय.

कारणं दोन. एक, जुने कागद कुणाकडे राहत नाहीत. दोन, महागाई. १९५० चे १०० रुपये आणि १९९० चे १०० रुपये एक नव्हेत, हे सरकारलाही कळत होतं. म्हणून १९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी राजा चेल्लय्या समितीच्या शिफारशीवरून महागाई निर्देशांक आणला. १९८१-८२ ला १००, तर २०१६-१७ ला ११२५. म्हणजे १९८१ ला १०० रुपयांना घेतलेली वस्तू २०१६-१७ मध्ये विकली, तर खरेदी किंमत ११२५ रुपये धरायची. न्याय्य होतं.

कोर्टात गेलेला ‘शून्य’

आता काकूंच्या शून्याकडे येऊ. हा शून्य कायद्यात शिरला कसा, ती मोठी मजेशीर हकीकत आहे.

कंपनी बोनस शेअर देते तेव्हा तुम्ही खिशातून काही देत नाही. मग त्याची खरेदी किंमत किती? १९६४ साली दालमिया इन्व्हेस्टमेंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जुन्या शेअरला जे पैसे दिले ते जुन्या आणि नव्या शेअरवर वाटून टाका. १०० रुपयांचा एक शेअर होता, त्यावर एक बोनस मिळाला, तर दोघांची किंमत ५०-५०. कारण बोनस मिळाल्यावर जुन्याचा भावही उतरतोच. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून दुसरी भाकरी फुकट मिळत नाही.

१९६७ साली मुंबईच्या धन दादाभॉय कापडिया यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. टाटा स्टीलचे त्यांच्याकडे ७१० शेअर. कंपनीने तेवढेच नवे शेअर घ्यायचा हक्क दिला. बाईंनी तो हक्क दुसऱ्याला विकून ४५,२६२ रुपये ५० पैसे मिळवले. आयकर खातं म्हणालं, हक्क फुकट मिळाला, म्हणून सगळी रक्कम नफा. बाईंचं म्हणणं, नवे शेअर आल्याने माझ्या जुन्या शेअरचा भाव पडला, तो तोटा कोण धरणार? कोर्टाने बाईंचं ऐकलं.

मग १९८१. बंगळूरच्या एका अगरबत्ती बनवणाऱ्या भागीदारी पेढीचा खटला, श्रीनिवास शेट्टी प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. पेढीने आपलं नाव, म्हणजे गुडविल, विकलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्वतः कमावलेल्या नावाची खरेदी किंमत काढताच येत नाही. आणि जिची खरेदी किंमत काढता येत नाही, तिच्यावर भांडवली नफ्याचा कर बसू शकत नाही. कारण नफा म्हणजे वजाबाकी. खालचा आकडाच नसेल तर वजाबाकी करायची कशी?

सरकार याच्यावर गप्प बसणार नव्हतंच. १९८७ साली कायदा बदलला आणि गुडविलची खरेदी किंमत ‘शून्य’ समजावी असं लिहून टाकलं. खालचा आकडा मिळाला, वजाबाकी सुरू. पुढे १९९५ च्या वित्त कायद्याने तोच शून्य बोनस शेअरला लावला. दालमिया प्रकरणातली भाकरी वाटून खायची पद्धत संपली. जुना शेअर पूर्ण किमतीचा, बोनस शून्याचा.

म्हणजे शून्य ही काही निसर्गाने दिलेली किंमत नाही. ती कायद्याने, ठरवून, काही मालमत्तांना लावलेली आहे. जिथं कायद्याने लावली तिथं ती लिहायची. जिथं लावली नाही तिथं आपणहून लिहायची नाही.

आणि वारसाने, मृत्युपत्राने किंवा भेट म्हणून आलेल्या मालमत्तेला कायद्याने शून्य लावलेलाच नाही! तिथं आधीच्या मालकाची खरेदी किंमत हीच तुमची खरेदी किंमत. वडलांनी जे दिलं तेच तुम्ही दिलं असं समजतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली मंजुळा शहा प्रकरणात तर असंही सांगितलं, की महागाई निर्देशांकसुद्धा आधीच्या मालकाच्या वर्षापासून मोजायचा.

काकू हेच तर म्हणत होत्या.

अंमळनेरचा हिशोब

आता काकूंच्या माहेरचं बघू, कारण या विषयाला महाराष्ट्रात अंमळनेरएवढं चांगलं उदाहरण नाही.

१९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अंमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ साबण ही तिची सुरुवातीची उत्पादनं. गावातल्या पुष्कळ लोकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ ला वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी कंपनी हातात घेतली. पुढची विप्रो सगळ्यांना माहीत आहे.

१९८० साली एखाद्याकडे या कंपनीचा १०० रुपये दर्शनी किमतीचा फक्त एक शेअर होता असं धरा. त्याने नंतर एक रुपयाही घातला नाही. बोनस येत गेले, शेअरचे तुकडे पडत गेले. १९९९ पर्यंत त्या एकाचे झाले ९,६००. २०१० पर्यंत ९६,०००. २०१७ च्या बोनसनंतर १,९२,०००. २०१९ ला २,५६,०००. आणि डिसेंबर २०२४ च्या बोनसनंतर ५,१२,०००.

एका शेअरचे पाच लाख बारा हजार! आता सांगा, यातल्या एका शेअरची खरेदी किंमत किती?

इथं २००४ आणि २०१८ या दोन वर्षांना महत्त्व आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून चिदंबरम यांनी बाजारात विकलेल्या शेअरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त केला आणि त्याबदली व्यवहारावर छोटा कर, एसटीटी, लावला. पुढची तेरा-चौदा वर्षं कुणाला खरेदी किंमत लागलीच नाही. याच काळात कागदी शेअर जाऊन डीमॅट सगळीकडे पसरलं. जुने कागद गेले, पाकिटं फेकली, वह्या रद्दीत गेल्या. करच नाही तर जपायचं कशाला? एका अख्ख्या पिढीची खरेदी किमतीची सवय मोडली.

मग १ फेब्रुवारी २०१८ ला अरुण जेटलींनी हा कर परत आणला. १ लाखावरच्या नफ्यावर १० टक्के. पण मागच्या नफ्याला हात लावायचा नाही म्हणून सवलत दिली. ३१ जानेवारी २०१८ रोजीचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. अट अशी, की तो भाव आणि विक्रीचा भाव यात जो कमी असेल तो घ्यायचा, आणि खरी खरेदी किंमत त्याहून जास्त असेल तर ती. २३ जुलै २०२४ पासून निर्मला सीतारामन यांनी दर १२.५ टक्के केला आणि सूट सव्वा लाख. ३१ जानेवारीची सवलत तशीच राहिली.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी सोयीचे घेतो, काकूंचे नाहीत. समजा आज ५,१२० शेअर आहेत. यातले १,९२० जानेवारी २०१८ च्या आधीचे (त्या आधीचे बोनससुद्धा यातच). ६४० आले २०१९ च्या बोनसने, २,५६० आले २०२४ च्या बोनसने. म्हणजे ३,२०० शेअर सवलतीच्या तारखेनंतरचे बोनस. त्यांची किंमत कायद्यानेच शून्य. सोयीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव ३०० धरा आणि आजचा विक्रीचा २५०. एक वर्षाहून जुने आहेत, आणि घरात दुसरं करपात्र उत्पन्न आहे, असंही धरा.

सगळे विकले तर आले १२,८०,००० रुपये.

जुन्या १,९२० शेअरचे आले ४,८०,०००. त्यांची खरेदी किंमत धरता येते २५०, म्हणून नफा काहीच नाही. नव्या ३,२०० चे आले ८,००,०००, तो सगळा नफा. सव्वा लाख सूट वजा केली की राहिले ६,७५,०००. त्यावर १२.५ टक्क्याने कर ८४,३७५ रुपये, वर उपकर.

आणि सगळ्यालाच शून्य लिहिलं तर? १२,८०,००० मधून सव्वा लाख वजा, ११,५५,०००. कर १,४४,३७५.

फरक ६० हजार रुपयांचा. एका चुकीच्या शून्याचे ६० हजार!

उलट चूकही सांगतो, कारण तीही होते. काही हुशार लोक सगळ्याच ५,१२० शेअरला ३१ जानेवारीचा भाव लावतात आणि नफा नाही म्हणून दाखवतात. तो सरळ चुकीचा हिशोब आहे. नोटीस येऊ शकते, व्याज आणि दंड वेगळे.

आणखी एक बारकावा. एकाच डीमॅट खात्यातून विकताना जो आधी आला तो आधी गेला असं धरतात. म्हणजे वरच्या उदाहरणात पहिले १,९२० एवढेच विकले असते, तर कर एक रुपयाही नव्हता. पण २०२४ चा बोनस आल्यापासून वर्षाच्या आत विकला, तर तो अल्प मुदतीचा नफा, आणि त्याचा दर २० टक्के. सगळं एका दमात विकायच्या आधी निदान हे माहीत तरी असावं.

सरकारला काय दिसतं?

खरी मेख इथं आहे. २०२१ पासून आयकराच्या पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक दिसतं. तुम्ही कधी, काय, कितीला विकलं हे त्यात छापून येतं. विक्री लपवायची सोय राहिलेली नाही, आणि ते चांगलंच आहे. पण कागदावरून डीमॅट केलेल्या, वारसाने किंवा भेट म्हणून आलेल्या शेअरची खरेदी किंमत त्यात भरवशाची नसते. विकल्याचं साक्षीदार सरकार. घेतल्याचं साक्षीदार तुमची पत्र्याची पेटी.

अमेरिकेत हा प्रश्न त्यांनी २००८ च्या एका कायद्याने बराचसा दलालांवर ढकलला. १ जानेवारी २०११ पासून घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत ब्रोकरनेच सरकारला आणि ग्राहकाला कळवायची. शिवाय तिकडे वारसाने शेअर आले तर साधारणपणे मृत्यूच्या दिवशीचा भाव हीच वारसाची खरेदी किंमत. जुनी वही शोधायची गरजच नाही. आपल्याकडे १९८५ साली वारसाकर (इस्टेट ड्यूटी) गेला, पण आधीच्या मालकाची किंमत धरायचा नियम राहिला. वडलांच्या कागदाला आपल्याकडे जास्त किंमत आहे, आणि नेमके तेच आपण जपत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन नवा कायदा लागू. त्यात कलमांचे नंबर वेगळे. पण किंमत सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच राहणार, हे धरून चाला.

माझं सरकारकडे मागणं साधं आहे. बोनस कुठल्या तारखेला जमा झाला हे डिपॉझिटरीला माहीत असतं. ३१ जानेवारी २०१८ चा भाव सगळ्यांना माहीत आहे. मग एआयएसमध्येच ‘यातले इतके शेअर जुने, इतके बोनस’ असं लिहून यायला काय हरकत आहे? शहरातला माणूस सीएकडे जातो. गावातली म्हातारी खरं बोलते आणि शून्य लिहून घेते. कायद्यातली सवलत ज्याला माहीत आहे त्यालाच मिळत असेल, तर ती कागदावरचीच सवलत.

तोपर्यंत आपण काय करायचं?

डीमॅटचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट काढून ठेवा, बोनसच्या तारखा त्यात असतात. कागदी शेअर, ॲलॉटमेंटचं पत्र, ब्रोकरची जुनी बिलं, मृत्युपत्र, वारस नोंदीचे कागद रद्दीत घालू नका. आईवडील आहेत तोवर त्यांना विचारा, काय घेतलं, कधी घेतलं, कितीला घेतलं, आणि लिहून ठेवा. विवरणपत्र भरणाऱ्याला "फुकट आले" असं सांगू नका. "वडलांकडून आले, त्यांची किंमत काढा" असं सांगा. आणि मागच्या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात चूक झाली असेल, तर मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र भरता येतं. तारीख गेली की मामला अवघड होतो.

काकूंचं सुधारित विवरणपत्र गेल्या आठवड्यात भरून झालं. या वेळी पुण्याच्या एका ओळखीच्या सीएंनी बसून बोनस वेगळे काढले, जुने वेगळे काढले. जादा भरलेला कर परत मागितलाय. येईल तेव्हा येईल.

त्या तक्त्यात खऱ्या खरेदी किमतीचा वेगळा रकाना असतो. ३१ जानेवारीचा भाव जास्त असल्यामुळे काकूंच्या करात त्या आकड्याने एक रुपयाचाही फरक पडत नव्हता. सीए म्हणाले, किरकोळ रक्कम आहे, सोडून दिली तरी चालेल. काकू म्हणाल्या, "नाही. दादांनी जे दिलं ते लिहा."

गुरुजींनी गुपचूप माळ्यावरची पेटी खाली काढली.

(हा सल्ला नाही, माहिती आहे. तुमच्या हिशोबासाठी जाणत्या माणसाला विचारा. माझं काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये हक्काने सांगा, दुरुस्त करीन. आणि पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही. या शेअरवर अजून तरी कर नाही.)